पिंजऱ्याचं बिल



गेल्या महिन्यात एका लग्नाला निपाणीला गेलो होतो. जेवणं लवकर आटोपली, बेळगावच्या गाडीला वेळ होता. हायवेला लागून आमच्या जुन्या मेस्त्रींच्या मुलाचं वर्कशॉप आहे, म्हटलं डोकावून यावं. मेस्त्रींना जाऊन आता नऊ वर्षं झाली. मुलगा मॉड्युलर किचन करतो, चार पोरं हाताखाली आहेत, चांगलं चाललंय. चहा झाल्यावर मला मागच्या पत्र्याच्या शेडात घेऊन गेला आणि म्हणाला, "काका, बाबांचं नाटकाचं सामान अजून पडलंय बघा. दिवाळीच्या आधी शेड मोकळं करायचंय. कुणाला पाहिजे असलं तर सांगा. नायतर जळणाला देतो."

ताडपत्री बाजूला केली. न्यायाधीशाची उंच पाठीची खुर्ची. एक सिंहासन, त्याच्या दोन सिंहांपैकी एकाचं नाक गेलेलं. घडी होणारा कोच. पाळणा. आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकवून ठेवलेला, सुटा केलेला कोर्टातला आरोपीचा पिंजरा. चार बाजू, एक तळ, एक पायरी. मी त्या पिंजऱ्याला हात लावला आणि मला एकदम १९८३ सालचं एक बिल आठवलं. ७४० रुपयांचं. त्या बिलावर लाल शाईने काट मारणारा हात माझाच होता.

ते सगळं सांगणारच आहे, पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे लांबलचक पोस्ट वाचायचा कंटाळा येणाऱ्यांची सोय होईल. आपल्या सीमाभागात हौशी नाटकाचं कौतुक पुष्कळ होतं, नटांचे सत्कार होतात, लेखकांच्या जयंत्या होतात. पण नाटकासाठी लाकूडकाम करणाऱ्या माणसाला आपण कधी नीट पैसे दिले नाहीत, पत्रिकेत त्याचं नाव छापलं नाही आणि त्याने केलेल्या वस्तू सांभाळल्या नाहीत. ही चूक आपली, म्हणजे कमिटीत बसणाऱ्या माझ्यासारख्यांची आहे. आणि ती थोडीफार तरी अजून सुधारता येईल.

आता पिंजऱ्याकडे येतो.

१९८१ ते ८६ मी निपाणी शाखेत होतो. मूळचा मी बेळगावचा, शहापुरातला. बी.कॉम. होऊन बँकेत लागलो, आणि निपाणीची बदली आली तेव्हा घरात सगळ्यांनी तोंड वाकडं केलं. तंबाखूचं गाव, बाजारात पाऊल टाकलं की नाकात झणका. पण त्या गावाने मला जे दिलं ते नंतरच्या कुठल्या बदलीने दिलं नाही. आमच्या बँकेतले, दुसऱ्या बँकांतले, दोन शिक्षक, एक एलआयसीवाला, एक कंपाउंडर अशी मिळून आमची नाटकाची टोळी जमली. मी बँकेतला, म्हणून खजिनदार मीच. शिवाय आवाज बरा म्हणून बारीकसारीक भूमिका.

१९८३ च्या गणपतीत आम्ही "तो मी नव्हेच" करायचं ठरवलं. निपाणीत हेच नाटक का, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. आचार्य अत्र्यांच्या या नाटकातला लखोबा लोखंडे हा निपाणीचा तंबाखूचा व्यापारी! मो. ग. रांगणेकरांच्या दिग्दर्शनाखाली ८ ऑक्टोबर १९६२ ला दिल्लीत त्याचा पहिला प्रयोग झाला आणि प्रभाकर पणशीकरांनी पुढे त्याचे हजारो प्रयोग केले. निपाणीचं नाव महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात जितकं तंबाखूने नेलं तितकंच लखोबाने नेलं. गावातली जुनी माणसं त्यावरून थोडी रागवायची आणि थोडी सुखावायची. आम्ही रीतसर परवानगी काढली आणि तालमीला लागलो.

अडचण एकच होती. हे नाटक गाजलं ते फिरत्या रंगमंचावर. कोर्टातून घरात, घरातून पुन्हा कोर्टात, डोळ्याचं पातं लवतं तोवर. आमच्याकडे फिरता रंगमंच कुठला? मांडववाल्याने फळ्या ठोकून दिलेलं स्टेज, तेही एका बाजूला जरा उताराचं. दिग्दर्शक म्हणाले, "पडदा पाडून सामान बदलू." मेस्त्री कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "पडदा पडला की लोक बिड्या वडायला बाहेर जातात. परत येत न्हाईत."

मेस्त्रींचं दुकान तेव्हा गावातल्या एका बोळात होतं. दारं, खिडक्या, देव्हारे, पाळणे अशी कामं. शिक्षण चौथीपर्यंत. मराठी बोलायचे निपाणीची, कन्नड गिऱ्हाईक आलं की कन्नड. नाटकाचा नाद लहानपणापासून. दोन्ही भाषांतल्या कंपन्या गावात यायच्या तेव्हा हा पोरगा विंगेत उभा राहून सामान कसं लावतात, कसं काढतात ते बघायचा.

त्यांनी काय केलं ते ऐका. सहा फूट बाय चार फुटाचा एक बुटका पाट केला, आणि त्याला खालून भंगारात मिळालेली बॉल-बेअरिंगं लावली. लहान पोरं उतारावर बेअरिंगची गाडी चालवतात ना, तशी. त्यावर पिंजरा. दुसऱ्या तशाच पाटावर न्यायाधीशाची खुर्ची आणि टेबल. दिवे गेले की दोन पोरं विंगेतून ओढणार, दिवे आले की कोर्ट गायब. पहिल्या दिवशी बेअरिंगांचा असा खडखडाट झाला की जणू आगगाडी चालली. दुसऱ्या दिवशी मेस्त्री जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या घेऊन आले, बेअरिंगांवर ताणून चढवल्या, आवाज बंद. उतारावर पाट घसरू नये म्हणून लाकडी पाचर, तिला दोरी बांधलेली. दोरी ओढली की पाचर सुटते.

मी तोवर समजत होतो की नाटकाचं फर्निचर म्हणजे घरचंच फर्निचर, फक्त हलक्या प्रतीचं. तसं ते अजिबात नसतं. मेस्त्रींच्या शेजारी बसून मला जे कळलं ते थोडक्यात सांगतो, कारण आज ते सांगणारी माणसं फार कमी उरलीत.

घरची खुर्ची बसायला करतात, नाटकातली उठायला करायची, असं मेस्त्री म्हणायचे. घरच्या मऊ कोचात माणूस रुततो आणि उठताना दोन्ही हात टेकतो. स्टेजवर नायिका रागाने उठते तेव्हा तिने हात टेकून कण्हत उठलेलं चालत नाही. म्हणून बैठक घरच्यापेक्षा एक-दीड इंच उंच आणि गादीच्या खाली सरळ फळी. कडा गोल घासलेल्या, एक खिळा वर नको, साडी अडकली की प्रवेश गेला. पॉलिश चकचकीत नको, दिव्याचा उजेड त्यावरून प्रेक्षकांच्या डोळ्यात जातो, म्हणून शेवटचा हात मंदच. कपाटाला पाठ नाही, कारण ती कुणाला दिसत नाही आणि तेवढंच वजन वाचतं. पण जिथे नट भार टाकणार तिथे कुसू-खाचेचा पक्का सांधा, तिथे नुसता खिळा मारायचा नाही.

वजनाचा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा. सागवानाचा एक घनफूट साधारण १८ किलो भरतो. अख्खा पिंजरा सागाचा केला तर उचलायलाच चार माणसं. मेस्त्रींनी फक्त चार खांब आणि वरची हाताची पट्टी सागाची ठेवली. मधले गज खोक्याच्या हलक्या लाकडाचे, रंध्याने साफ केलेले. सगळ्या बाजू सुट्या, बिजागरीचा खिळा वर ओढला की निघते. सहा तुकडे, एक माणूस दोन तुकडे काखेत धरून नेऊ शकेल असे. तुकड्यांना आतून आकडे टाकलेले, आणि ही गंमत मला फार आवडायची, आकडे दोन लिप्यांत. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. मी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाले, "पिंजरा गडहिंग्लजला बी जाणार आन् गोकाकला बी जाणार. लावणाऱ्या पोराला जो आकडा वाचता येतोय तो वाचंल की."

आता बिलाची गोष्ट.

प्रयोग छान झाला. लखोबाच्या तोंडी निपाणीचं नाव आलं तेव्हा जो हंशा आणि शिट्ट्या पडल्या, त्या अजून कानात आहेत. मी कोर्टातला पट्टेवाला होतो. पुकारा करताना माझा आवाज फाटला, त्यालाही टाळ्या पडल्या. चार दिवसांनी मेस्त्रींनी बिल दिलं. वहीचा फाडलेला कागद, पेन्सिलीने लिहिलेला. लाकूड ३१० रुपये. बेअरिंग, बिजागऱ्या, स्क्रू ६५. रंग-पॉलिश ६५. मजुरी बारा दिवस, पंचवीस रुपयांप्रमाणे ३००. एकूण ७४०.

मी म्हटलं, "मेस्त्री, बारा दिवस कसले? काम तर सहा दिवसांत झालं. मी बघितलंय."

"सहा दिवस दुकानात केलं सायेब. सहा दिवस तालमीला बसलो न्हवं का?"

"तालमीला बसल्याची मजुरी कसली? आम्हीपण बसलोच की!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, हिशेबात चुकलेल्या पोराकडे मास्तर बघतो तसं. म्हणाले, "तुमी बिल बघालाय सायेब, मी तालमीत त्यो माणूस पिंजऱ्याला कुटं हात लावतोय ते बघत हुतो." एवढंच. मी लाल शाईने मजुरी कापली आणि "रक्कम गोल करू" म्हणून ६०० दिले. त्यांनी मोजून घेतले, सही केली. कमिटीत माझं कौतुक झालं. खजिनदार असावा तर असा!

त्या सहा दिवसांत काय झालं होतं ते मला नंतर कळलं. आमचा लखोबा पाच फूट तीन इंचांचा. पिंजऱ्याची वरची पट्टी नेहमीच्या मापाने केली असती तर त्याच्या छातीपर्यंत आली असती आणि त्याचे हात दिसलेच नसते. आणि ह्या भूमिकेत हात किती बोलतात! मेस्त्रींनी ती पट्टी चार इंच खाली घेतली. समोरचे गज थोडे विरळ ठेवले, म्हणजे मागच्या रांगेतून त्याचं धोतर, पायांची चुळबुळ दिसेल. तो चिडला की उजवी मूठ आपटायचा, म्हणून उजव्या कोपऱ्याखाली एक पोकळ डबा बसवला, मूठ आपटली की घुमणारा आवाज येई. ही सगळी तालमीला बसल्याची कमाई. १४० रुपये वाचवले म्हणून मी ज्याच्यावर काट मारली ते खरं काम होतं, उरलेली नुसती करवत आणि रंधा.

पुढच्या वर्षी आम्ही एक कौटुंबिक नाटक घेतलं. त्यात वरच्या मजल्यावरून उतरणारा जिना. मेस्त्रींनी अंदाज सांगितला, मला जास्त वाटला. मी दुसरीकडून भाड्याने तयार जिना आणला, निम्म्या पैशात. कुणाकडून, त्याला महत्त्व नाही. त्यांचा जिना मंडपासाठी होता, नाटकासाठी नव्हता, आणि तो आणायचं मी ठरवलं होतं. दुसऱ्या अंकात आमच्या एक सहकारी, नवऱ्यामागून जरा धावत उतरायच्या होत्या, तिसऱ्या पायरीची फळी एका बाजूने सुटली. घोटा मोडला, सहा आठवडे प्लॅस्टर. धाकटं मूल दोन वर्षांचं होतं त्यांचं. पुन्हा त्या स्टेजवर आल्या नाहीत. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं. नाटक थांबलं तेव्हा प्रेक्षकांत बसलेले मेस्त्री विंगेत आले, पायरी उलटी करून बघितली, म्हणाले, "नुसते खिळे हायत." आणि गप्प झाले.

तिसरी गोष्ट सांगतो, ती मला सगळ्यात जास्त टोचते. १९८५ मध्ये मेस्त्री बँकेत आले. रंध्याचं मशीन घ्यायचं होतं, कर्जासाठी. फॉर्म मी भरत होतो. व्यवसाय सुतारकाम. वार्षिक उत्पन्न? त्यांनी दारं-खिडक्यांचं सांगितलं, पाळण्यांचं सांगितलं. मी म्हटलं, "नाटकाचं कामपण लिहूया की, तेवढाच आकडा वाढेल."

ते म्हणाले, "ते लिवू नका सायेब. त्यात मिळकत न्हाई."

टेबलाच्या या बाजूला मी होतो, बँकेचा अधिकारी, त्यांचं उत्पन्न पुरेसं आहे का ते तपासणारा. आणि त्या कामात मिळकत का नाही, हे त्या शाखेत फक्त मला माहीत होतं, कारण ती कापणारा खजिनदारही मीच. कर्ज मंजूर झालं, त्यांनी एक हप्ता न चुकवता फेडलंही. पण त्या माणसाने आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम बँकेच्या कागदावर शून्य धरलं गेलं. मी ३६ वर्षं नोकरी केली, पुष्कळ कर्जप्रकरणं बघितली. ते एक मनातून जात नाही.

आता कुणी म्हणेल, काका, हे सगळं तुमच्या पश्चात्तापाचं झालं, यात आम्ही काय करायचं? सांगतो.

पहिल्यांदा एक समज काढून टाकूया, की सुतार म्हणजे नाटकाच्या बाहेरचा माणूस. आपल्या भागाचा इतिहास बघा. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, त्यावरून विष्णुदास भाव्यांना "सीता स्वयंवर" सुचलं आणि १८४३ मध्ये मराठी रंगभूमी सुरू झाली. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले. त्यांचं "संगीत शाकुंतल" १८८० मध्ये पुण्यात उभं राहिलं. त्या काळात रंगवलेले पडदे असायचे, पडद्यावरच राजवाडा, पडद्यावरच अरण्य. बसायला खरी खुर्ची लागली की जी असेल ती. पुढे सामाजिक नाटकं आली आणि स्टेजवर खरं घर दिसायला लागलं. १९३३ मध्ये मुंबईत "आंधळ्यांची शाळा" झालं तेव्हा तीन भिंतींची खोली, खरी दारं, खरं फर्निचर हा सगळा चर्चेचा विषय झाला. म्हणजे नाटक जसजसं आपल्या जगण्याच्या जवळ आलं, तसतसा सुतार आत आला. आणि कोल्हापूरचे बाबूराव पेंटर! नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारा हा माणूस, स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवणारा. त्यांचं मूळ आडनाव काय होतं माहीत आहे? मेस्त्री.

दुसरा आक्षेप मला माझ्या नातवाने घेतला. तो कॉलेजात एकांकिका करतो. म्हणाला, "आजोबा, आता कोण एवढं फर्निचर लावतंय? मागे स्क्रीन, प्रोजेक्टर, दोन ठोकळे, बास." त्याचं खरं आहे. "घाशीराम कोतवाल" १९७२ मध्ये आलं तेव्हा माणसांचीच भिंत केली होती, लाकडाची भिंत लागलीच नाही. कमी सामानात मोठं नाटक होतं, मला मान्य आहे. पण मग त्याची एकांकिका बघायला गेलो. स्टेजवर एकच खुर्ची, प्लॅस्टिकची, कुठल्यातरी कार्यालयाचं नाव पाठीवर छापलेली. गोष्ट १९४२ सालची! नट बसला की ती मागून वाकायची आणि पोरं हसायची. घरी येताना मी त्याला म्हटलं, दहा वस्तू असल्या तर एक खोटी चालून जाते. एकच असली तर ती खरीच पाहिजे. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग खरी आणू कुठून?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यासाठीच ही पोस्ट.

तिसरा आक्षेप पैशाचा. तो माझ्या खात्यातला, त्याला कॉमर्सनेच उत्तर देतो. आम्हाला घसारा शिकवला होता. फर्निचरवर दरवर्षी १० टक्के, उरलेल्या रकमेवर. हजाराची वस्तू पहिल्या वर्षी ९००, मग ८१०, मग ७२९. दहा वर्षांनी साधारण ३४९ रुपये उरतात. गंमत अशी, की या पद्धतीने वस्तूची किंमत कागदावर कधीच शून्य होत नाही. आम्ही नाटकवाले मात्र एका रात्रीत शून्य करतो. पडदा पडला, आभार झाले, वडा-चहा झाला, आणि सिंहासन मंगल कार्यालयाच्या मागच्या बोळात पावसात. पुढच्या वर्षी दुसऱ्या मंडळाला सिंहासन लागतं, ते पुन्हा नवीन करतात, पुन्हा फेकतात. वर तक्रार करतात की नेपथ्याचा खर्च परवडत नाही!

तो पिंजरा पुढे निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, चिकोडी, बेळगाव असा आमच्याबरोबर फिरला. टेम्पोत घालून तवंदी घाटातून भर पावसात नेलेला मला आठवतो, वर ताडपत्री आणि ताडपत्रीवर आमचा लखोबा बसलेला. नंतर मेस्त्रींनी तो इतर मंडळांना दिला, मराठी आणि कन्नड दोन्ही. मी त्यांच्या मुलाच्या शेडात तो उलटा करून बघितला. तळाला प्रत्येक प्रयोगाची पेन्सिलीने नोंद आहे, गाव आणि साल. मी मोजल्या, एकतीस. ७४० ला एकतीसने भागा. एका प्रयोगाला चोवीस रुपयेही नाही पडत. आणि मी ६०० च दिले होते. बेळगावातला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अन्यायाचा व्यवहार म्हणायला हवा.

काही दिवस तो पिंजरा निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत ठेवला होता. त्याला अजून तो वास आहे. तंबाखूच्या वखारीतल्या लाकडाला कीड लागत नाही असं मेस्त्री म्हणायचे. खरंखोटं मी सांगू शकत नाही, पण चाळीस वर्षांनी एक भोक नाही त्याला.

सीमाप्रश्नावर माझं मत इथल्या सगळ्यांना माहीत आहे, ते मी बदललेलं नाही आणि या वयात बदलणारही नाही. पण मेस्त्रींचे ते दोन लिप्यांतले आकडे मी बघितले आणि वाटलं, सामानाची खोली करायची तर ती सगळ्या नाटकवाल्यांसाठी असावी. किल्ली कुणाकडे यावरून भांडण होईल? होऊ दे. भांडणाशिवाय आपल्याकडे कुठली संस्था उभी राहिली?

तर माझ्या मागण्या तीन, आणि तिन्ही लहान आहेत.

एक, जे कुणी बेळगाव-निपाणी भागात नाटक किंवा एकांकिका करतील, त्यांनी पत्रिकेत "नेपथ्य" च्या खाली ते प्रत्यक्ष बनवणाऱ्या कारागिराचं नाव छापावं. नेपथ्य कल्पना एकाची असते, हात दुसऱ्याचे असतात. एका ओळीला छपाईचा खर्च वाढत नाही.

दोन, कारागिराचे निम्मे पैसे काम सांगताना आणि उरलेले तिसऱ्या घंटेच्या आधी. आणि तालमीला बसल्याची मजुरी त्यात धरलेली असावी. खजिनदारांनो, ती कापू नका. मी कापली होती, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

तीन, एक खोली. बेळगावात किंवा निपाणीत, कुठेही. शहापुरात, वडगावात, अनगोळात किती जुनी घरं माड्यांसकट बंद पडून आहेत, मुलं पुण्याला नाहीतर अमेरिकेला. कोरडी असली, जमिनीपासून विटांवर फळ्या टाकता आल्या की पुरे. एक रजिस्टर, वस्तू नेताना थोडी अनामत रक्कम, आणताना तपासून परत. रजिस्टर मी लिहीन. आयुष्यभर तेच केलंय, आणि या खेपेला लाल पेन घरी ठेवून येईन.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आपण सगळे हळहळलो. १९१५ सालची वास्तू, आमच्या पिढीने तिथे काय काय बघितलं! माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी होतं. पण एवढ्या मोठ्या वास्तूसाठी सरकार उभं राहतं, नट उभे राहतात, कामाला लागतात. शेडातल्या पिंजऱ्यासाठी कोण येणार? तो जळाला तर धूरसुद्धा कुणाला दिसायचा नाही, कारण तो कुणाच्यातरी चुलीत जळेल.

मेस्त्रींच्या मुलाला मी सांगून आलोय की दिवाळीपर्यंत थांब. तो म्हणाला, "थांबतो की काका, पण दिवाळीच्या पुढं न्हाई." मुलाचं बरोबर आहे, त्याला धंदा करायचाय. निघताना मी पाकिटातून १४० रुपये काढले. त्याने विचारलं, "हे कशाचे?" मी सांगितलं. तो हसला, घेईना. म्हणाला, "काका, व्याज धरून किती झालं ते सांगा आधी." विनोदाने म्हणाला, पण मी घरी येऊन खरंच हिशेब मांडला. बँकेचा माणूस ना! रक्कम काय आली ते इथे लिहीत नाही. ती मी त्या खोलीच्या नावाने बाजूला काढून ठेवली आहे. फळ्या, विटा आणि एक कुलूप तेवढ्यात नक्की येईल.

खोली तेवढी राहिलीय. तुमच्या माडीवर जागा असेल, किंवा माळ्यावर एखाद्या जुन्या नाटकातली खुर्ची, पेटी, पाळणा पडला असेल, तर फेकायच्या आधी उलटा करून बघा. खाली पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं असेल.